भिलाई ते मुंबई : विमानाचे दोन तास, माणसाचे सात

"काळजी कशाला करता बाबा, विमानानं दोन तासांवर तर आहे मी!"

डोंबिवलीत राहणारा माझा मामेभाऊ भिलाईतल्या आपल्या वडिलांना हे वाक्य कितीतरी वर्षं ऐकवत होता. मामांना बरं नसलं, मामीचा गुडघा दुखला, पावसाळ्यात क्वार्टरचं छत गळलं, की फोनवर हे वाक्य ठरलेलं. त्यात खोटं काही नव्हतं. मुंबई-रायपूर विमानाच्या तिकिटावर प्रवासाचा वेळ तेवढाच छापलेला असतो. एक तास पन्नास मिनिटं. कधी पाच मिनिटं इकडे, कधी पाच तिकडे.

२०२३च्या जानेवारीत एका रात्री ते वाक्य तपासून पाहायची वेळ आली. नऊच्या सुमारास मामी गेली. आजूबाजूच्या क्वार्टरमधली मंडळी जमली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तोच त्यांनी चाचरत विचारला, "भाऊ, मुलगा किती वाजता पोचेल? त्या हिशेबानं उद्याची तयारी ठेवतो." तेवढ्यात दादाचा फोन आला. सकाळी सात चाळीसच्या विमानाचं तिकीट मिळालं होतं. "साडेनऊला रायपूर, बाबा. दहापर्यंत घरी पोचतोच."

मामांनी फोन खाली ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काही आकडे मांडले. मग जमलेल्या लोकांना म्हणाले, "बारा धरा."

दादा फाटकापाशी टॅक्सीतून उतरला तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

मी त्या आठवड्यात कामानिमित्त नागपुरात होते. रात्री बिलासपूरच्या बाजूला जाणारी गाडी पकडून उजाडायच्या आत दुर्गला उतरले होते. कॅलेंडरचं ते पान मी नंतर पाहिलं. इतक्या दुःखात मामांना हिशेब सुचला कसा, असं तेव्हा वाटलं. पण भिलाईत राहिलेल्या आणि मुलांना दूर पाठवलेल्या घरांत हा हिशेब प्रत्येकाला कधी ना कधी मांडावाच लागतो. फक्त तो आधीच नीट मांडून ठेवलेला असावा.

भिलाईला विमान उतरतच नाही

सुरुवात इथूनच करायला हवी. विमानाचे दोन तास हे मुंबई ते भिलाई असे नसतातच. ते असतात मुंबई ते रायपूर, आणि तेही रायपूर शहर नव्हे, शहराबाहेरच्या माना इथलं विमानतळ. २०१२ साली त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव दिलं गेलं आणि त्याच वर्षी तिथली नवी इमारत सुरू झाली. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झालं आणि रायपूर राजधानी बनलं, तेव्हापासून या विमानतळाचे दिवस पालटले.

भिलाईजवळ नंदिनीला पोलाद कारखान्याची धावपट्टी आहे. कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड जिथून येतो, तेच हे नंदिनी. त्यामुळे 'भिलाईलाही विमानतळ आहे' असं कुणी सांगितलं तर ते अगदीच खोटं नाही. मात्र तिकीट काढून तिथून मुंबईला जाता येत नाही. भिलाईकराला मानाच गाठावं लागतं. भिलाईच्या सेक्टरांपासून माना पन्नासेक किलोमीटर. वाटेत कुम्हारी, मग टाटीबंधचा चौक, मग रायपूरला वळसा. रस्ता मोकळा असला तर तास लागतो. नसला तर दीड. मामांच्या पानावर सव्वा तास लिहिलेला होता.

आता पुरी साखळी जोडून पाहा. भिलाईतल्या घरापासून माना सव्वा तास. विमान सुटायच्या किमान दीड तास आधी पोचलेलं बरं, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि सुरक्षा तपासणीची रांग कुणाला विचारून लांबत नाही. प्रत्यक्ष विमान एक पन्नास. मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन बाहेर यायला चाळीस मिनिटं. तिथून डोंबिवली दीड तास, तोही आपण वेळ चांगली गाठली तर. बेरीज झाली पावणेसात तास. त्यात विमानाचा वाटा जेमतेम पाव. उरलेला सगळा वेळ रस्त्याचा, रांगेचा आणि वाट पाहण्याचा!

दादाचं त्या दिवशी काय झालं? तो पहाटे चारला डोंबिवलीतून निघाला. विमान पस्तीस मिनिटं उशिरा सुटलं. थंडीच्या दिवसांत सकाळच्या विमानांना उत्तरेकडच्या धुक्याचा फटका बसतो. ज्या शहरात धुकं नाही तिथलंही विमान रखडतं, कारण तेच विमान आधी कुठून तरी यायचं असतं. दहा पाचला तो मानाला उतरला. हातात फक्त एक पिशवी असल्यानं पंधरा मिनिटांत बाहेर पडला आणि ऐंशी मिनिटांत भिलाईला पोचला. घर ते घर सात तास चाळीस मिनिटं. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता की नशिबाचा खेळ नव्हता. असाच वेळ लागतो.

साडेनऊशे किलोमीटरला दोन तास का?

अनेकांना पडणारा हा प्रश्न. रायपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी आठशे-सव्वाआठशे किलोमीटरनं जातं. शाळेतलं गणित लावलं तर सत्तर मिनिटांत मुंबई यायला हवी. मग वरची चाळीस मिनिटं जातात कुठं?

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची वेळ ही हवेत उडण्याची वेळ नसते. विमान आपली जागा सोडतं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबतं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, उतरल्यावर पुन्हा रांगत यायचं, हे सगळं त्यात मोजलेलं असतं. दुसरं असं की विमान सुटल्या क्षणापासून आठशेच्या वेगानं जात नाही. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, खाली यायलाही तेवढीच, आणि त्या काळात वेग कमी असतो. दिल्ली-लंडनसारख्या लांबच्या प्रवासात ही चढ-उतार जाणवत नाही. साडेनऊशे किलोमीटरात ती निम्मा वेळ खाते.

तिसरं कारण मुंबई स्वतः. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. म्हणजे एका वेळी एकीचाच उपयोग. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, आणि काम चालतं एका पट्टीवर! त्यामुळे खाली झोपडपट्ट्या दिसू लागल्या, लोकांनी पायांत चपला घातल्या, तरी विमान समुद्रावरून आणखी एक गिरकी घेऊन येतं, हा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. विमान कंपन्यांनाही तो ठाऊक असतो. म्हणून त्या वेळापत्रकातच थोडी मिनिटं वाढवून ठेवतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं. तेव्हा यापुढे तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून भागणार नाही. कुठली मुंबई, हे पाहूनच घरून निघायचं.

आणि वारा? त्याचाही वाटा आहे. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून रायपूरला येताना ते पाठीवर असतात, परत जाताना तोंडावर. समजा ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा आहे. येताना विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी नऊशेच्या वर जाईल आणि जाताना साडेसातशेच्या आत येईल. नुसत्या वाऱ्यानं बारा-तेरा मिनिटांचा फरक पडला! त्याच दोन शहरांमधला जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दिसतो तो म्हणून. छपाईची चूक नव्हे ती.

हे सारं मी मामांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. मामा १९६८ साली कारखान्यात लागले आणि त्यांची बहुतेक नोकरी रेल मिलमध्ये गेली. म्हणाले, "अगं, रुळाचंही असंच आहे. लालबुंद ठोकळा रोलमधून जातो आणि बघता बघता रूळ होतो. पाहुणे आले की तेवढंच पाहतात आणि म्हणतात, वा, पाच मिनिटांत रूळ! पण त्याआधी ठोकळा भट्टीत तासन् तास तापलेला असतो. नंतर रूळ थंड करायचा, सरळ करायचा, ध्वनिलहरींनी आतून तपासायचा, कापायचा. पाच मिनिटं कोण मोजतं? गाडीत रूळ चढला की तो खरा वेळ."

रूळ बनवणाऱ्या गावाची रेल्वे

भिलाईच्या प्रवासाची गोष्ट रेल्वेशिवाय सांगता येतच नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि साठच्या दशकापासून भारतीय रेल्वेचे रूळ इथून निघू लागले. आज इथल्या नव्या मिलमध्ये १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो. असे दोन जोडून २६० मीटरचे रूळ पाठवले जातात. डोंबिवलीच्या लोकलखालचा रूळ भिलाईचा असू शकतो, असं मामा दादाला लहानपणापासून सांगत.

मात्र हा कारखाना भिलाईत आला त्यामागे आधीपासून असलेली रेल्वे हेही एक कारण होतंच. १८८२ साली नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटर गेज लोहमार्ग झाला होता. नागपूर-छत्तीसगड रेल्वे हे त्याचं नाव. पुढे १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि कलकत्त्यापर्यंत नेला. आजचा मुंबई-नागपूर-हावडा मार्ग तो हाच. दुर्ग आणि भिलाई त्यावरच वसली आहेत.

मराठी माणसाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट. १९५६च्या ऑक्टोबरपर्यंत भिलाई आणि नागपूर एकाच राज्यात होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, पुढे मध्य प्रदेश, आणि राजधानी नागपूर! मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल स्वतः रायपूरचे. सरकारी काम निघालं की दुर्गचा माणूस गाडीत बसून नागपूरला यायचा. त्याच्याही मागे गेलं तर नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड भोपाळशी जोडलं गेलं. नकाशावर एक रेघ आली. गाड्या मात्र पूर्वीसारख्याच धावत राहिल्या आणि त्याच गाड्यांनी कारखाना उभा राहताना नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडची मुलं भिलाईला नोकरीला गेली. माझे मामा त्यांतलेच.

त्यामुळे भिलाईच्या मराठी घरांसाठी 'जवळचं शहर' म्हणजे आजही नागपूर. रेल्वेनं दुर्ग-नागपूर २६५ किलोमीटर. साध्या एक्सप्रेसला चार-साडेचार तास लागतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली बिलासपूर-नागपूर वंदे भारत हे अंतर पावणेचार तासांच्या आत कापते. वाटेत राजनांदगाव, मग बम्लेश्वरीचं डोंगरगड, बोरतलावनंतर राज्याची हद्द आणि दरेकसाचा बोगदा, गोंदिया. या पट्ट्यात मराठी, हिंदी, छत्तीसगढी एकाच डब्यात ऐकू येते आणि चहावाल्याला तिन्ही येतात.

नागपूरसाठी विमानाचा विचारही कुणी करत नाही आणि ते बरोबरच आहे. रायपूर-नागपूर हवाई अंतर पावणेतीनशे-दोनशेऐंशी किलोमीटर. विमान थेट असलं आणि पाऊण-एक तासात उतरलं, तरी मानाचा सव्वा तास आणि रांगेचा दीड तास धरून ते वंदे भारतच्या आधी फारसं पोचणार नाही.

मुंबईचा हिशेब निराळा. रेल्वेनं दुर्ग ते मुंबई अकराशे किलोमीटर, म्हणजे हवाई अंतरापेक्षा दीडशे जास्त. रुळांना डोंगर आणि नद्या पाहून जावं लागतं. वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड, मग इगतपुरीचा घाट. वेळ अठरा ते वीस तास. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७च्या डिसेंबरात सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस याच मार्गावरची. सुरू झाली तेव्हा तिच्यात वरचा-खालचा वर्ग असा भेद नव्हता. भिलाईतल्या जुन्या लोकांना तिचं अजून कौतुक आहे. मामा-मामी दादाच्या लग्नाला तिनंच गेले होते, सोबत लाडवांचे डबे घेऊन.

एक सूचना बाहेरून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. तिकीट काढताना नुसतं 'भिलाई' शोधू नका. भिलाई पॉवर हाऊस, भिलाई नगर आणि भिलाई अशी वेगवेगळी स्टेशनं आहेत. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मात्र थांबतात दुर्गला. दुर्ग आणि भिलाई ही एकमेकांना चिकटलेली शहरं. दुर्गला उतरलात तरी सेक्टरपर्यंत अर्धा तास पुरे.

फोन किती वाजता येतो?

खरी मेख इथं आहे. घाईच्या वेळी विमान वेगवान की रेल्वे, याचं उत्तर अंतरावर जेवढं अवलंबून असतं तेवढंच घड्याळावर. दुपारी बाराला निरोप आला आणि संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली, तर मुंबईचा मुलगा त्याच रात्री भिलाईत असतो. तिथं रेल्वे त्याच्या जवळपासही येत नाही. तोच निरोप रात्री दहाला आला, तर विमानाचे दोन तास धरून उपयोग नाही. पहाटेपर्यंतचे सहा-सात तास नुसते घड्याळाकडे पाहण्यात जातात. तरीही मुंबईहून विमानच लवकर पोचवतं, हे दादाच्या बाबतीत खरं ठरलं. रात्रीच्या गाडीनं निघाला असता तर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पुढे पोचला असता. नागपूरहून मात्र रात्रीची गाडीच खरी.

संध्याकाळचा उल्लेख मुद्दाम केला. भिलाईची संध्याकाळ मुंबईच्या आधी होते. घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्य ते मानत नाही. मुंबई आणि भिलाई यांच्या रेखांशांत साडेआठ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवरून ठरते ती छत्तीसगडमधूनच जाते. म्हणून भिलाईचं घड्याळ सूर्याशी जवळपास जुळतं आणि मुंबईचं पुढं पळतं. (मुंबईनं एके काळी आपली वेगळी वेळ ठेवलीच होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे.) जानेवारीत मुंबईत सव्वासहाला अजून ऊन असतं तेव्हा भिलाईत दिवे लागलेले असतात. सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपायचं असतं तेव्हा मुंबईतला मुलगा आपल्या खिडकीतला उजेड पाहून अंदाज बांधतो आणि चुकतो. मामांच्या पानावर एका कोपऱ्यात 'पावणेसहा' लिहून त्याभोवती गोल काढलेला होता.

अशा वेळी अनेकांना वाटतं, गाडी काढावी आणि निघावं. रस्ताही आता खुणावतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ला. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. नागपूरच्या पुढे भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव असं आणखी अडीचशे-दोनशेसाठ. म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यापासून भिलाई हजारेक किलोमीटरवर, रेल्वेपेक्षाही कमी! पण हजार किलोमीटर म्हणजे न थांबता तेरा-चौदा तास, तेही वाईट बातमी ऐकल्यावर, रात्री, सरळसोट रस्त्यावर डोळे मिटत असताना. १ जुलै २०२३च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटून २५ जण गेले. ज्याला बातमी मिळाली आहे त्यानं स्वतः चालवू नये, एवढं तरी घरच्यांनी ठामपणे सांगावं.

तिकिटाच्या पैशांचा प्रश्न असतोच. आयत्या वेळचं विमानाचं तिकीट आधी काढलेल्या तिकिटाच्या दुप्पट-तिपटीवर जाऊ शकतं. रेल्वेचं तात्काळ आदल्या दिवशी सकाळी उघडतं, वातानुकूलित डब्यांचं दहाला आणि स्लीपरचं अकराला, म्हणजे रात्रीच्या निरोपाला त्याचा उपयोग नाही. शिवाय हा मार्ग कोळशाच्या आणि लोखंडाच्या मालगाड्यांचा. लाईनचं काम निघालं की प्रवासी गाड्या रखडतात, कधी रद्दच होतात. निघण्याआधी गाडी चालू आहे ना, एवढं पाहून घ्यावंच.

मामांच्या शेजाऱ्यांकडे मी दोन-तीन घरांत बसले. प्रत्येक घरात एक मुलगा पुण्यात किंवा मुंबईत, एखादी मुलगी बंगळूरला. कारखान्यातल्या नोकरीवर त्यांना शिकवलं आणि शिकल्यावर ती गेली. भिलाईच्या शाळांतून निघालेल्या मुलांनी इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षा गाजवल्या, याचा इथं अभिमान आहे. त्याची दुसरी बाजू म्हणजे संध्याकाळी मैत्री बागेत फिरायला येणारी सत्तरीतली जोडपी. एका आजींनी फ्रीजवर कागद चिकटवला आहे : मुलाचा नंबर, सुनेचा नंबर, मानाला नेणाऱ्या टॅक्सीवाल्याचा नंबर आणि खाली, 'रात्री काही झालं तर मुलगा दुपारी येईल. तोवर यांना बोलवा,' असं लिहून शेजारच्यांचं नाव. मुलानं स्वतः बसून तो कागद लिहिला होता. मला तो फार आवडला. 'दोन तासांत येतो'पेक्षा त्या कागदात आईबापांची काळजी जास्त होती.

ज्यांना वयामुळे एकट्यानं विमानानं यावं लागतं, त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. चालता येत असलं तरी. मानाच्या इमारतीत फार चालावं लागत नाही, मुंबईत लागतं. मामा आधी 'मी काय पांगळा झालोय का' म्हणून रुसले होते. एकदा बसून पाहिल्यावर रांग चुकली, ते त्यांना पटलं.

मामांनी भिलाई सोडली नाही. दादा न्यायला तयार आहे, दर वेळी विचारतो. ते दोन महिने जातात आणि परत येतात. गेल्या दिवाळीला दादा, वहिनी, मुलं सगळीच येणार होती, मीही होते. सकाळी दादाचा विमानात बसल्याचा फोन आला, "बाबा, सव्वादहाला रायपूर!" स्वयंपाकाच्या बाई कणीक मळत होत्या. मामांनी चष्मा वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "बाई, पोळ्या बारा वाजल्यावर लाटायला घ्या."